पाद्र्यास माप एकच लावा

खेड्यापाड्यांत 'पाद्री' हा शब्द निघाला की दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. एक म्हणतो, हा बाटवणारा, याच्या सावलीस उभे राहू नये. दुसरा म्हणतो, हा देवमाणूस, याच्या पायाशी गेले की कल्याण झाले. आमच्या मते दोघेही विचाराचे कष्ट टाळतात. मनुष्याची पारख झग्यावरून नव्हे, कामावरून करावी.

जोतीरावांचे उदाहरण घ्या. १८४१ ते १८४७ या काळात ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरास मिस फेरारबाई चालवीत त्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. भटशाहीने शूद्रातिशूद्रांस बंद ठेवलेली विद्येची दारे उघडण्यास मिशनरी उपयोगी पडले, हे खरे. परंतु जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला आणि देव व मनुष्य यांमध्ये दलाल नको, असे बजावले. चांगले तेवढे घेतले, डोके गहाण टाकले नाही.

आता अलीकडचे पाहा. स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाकर नगर जिल्ह्याच्या कोरड्या माळांवर पाणलोटाच्या कामास लागले. त्या कामात गावाने श्रमदान करावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची, असा करार असे. भीक नाही, घामाचा वाटा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बागाईत जमीन व विहिरींचे पाणी वाचविण्यासाठी बिल्डरांविरुद्ध हरित वसईचा लढा पुढे नेला. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी केवळ ते पाद्री म्हणून आक्षेप घेतला. ज्याने मराठी भाषेत लिहिले आणि मराठी मातीसाठी लढा दिला, तो परका कसा?

मारुंजीकर बंधूंनो, हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. हिंजवडीच्या कंपन्या आल्या, शेतांवर मजल्यांवर मजले चढले, आणि जेथे विहिरीवर मोट चाले तेथे आज टँकरची वाट पाहावी लागते. सत्यनारायण, जत्रा, भंडारे मात्र पूर्वीहून थाटात होतात. पूजेची दक्षिणा घेणाऱ्यांपैकी किती जण आमच्या सातबाऱ्यासाठी रस्त्यावर उतरले, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

कोणी म्हणेल, धर्मांतराचे काय? त्यास आमचे उत्तर सरळ आहे. ज्यांस गावाने पाणवठ्यावर उभे केले नाही, ते गावाचा देव सोडून गेले तर दोष आधी गावाचा. पण पाद्र्यांनाही आमचा सवाल आहे. देवळात गेलेल्या दलित बंधूची जात खरोखर सुटली काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांस अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या, आणि जातीचा जाच मात्र सुटला नाही, ही त्यांची तक्रार आहे. चर्चच्या आत भेद राहू देणारा पाद्रीही दलालच होय.

म्हणून जोशी, मौलवी, पाद्री, सर्वांस एकच माप लावा. तो तुमच्या मुलांस शिकवितो काय? तुमची जमीन जाताना शेजारी उभा राहतो काय? तुम्हांस स्वतःच्या बुद्धीने चालू देतो काय? उत्तर होय असेल तर त्याचा हात धरा. नसेल तर कोणत्याही रंगाच्या झग्यास नमस्कार करू नका.