शल्यगुरूंना गुण कोण देणार?

हिंगोली : परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी पाव शतक वाट पाहावी लागली. पंतप्रधानांच्या हस्ते ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले, त्यांत हिंगोलीही होते. जागा मिळाल्या, विद्यार्थी आले. आता प्रश्न आहे तो शिकविणाऱ्यांचा.

अध्यापकांची टंचाई लक्षात घेऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५मध्ये नियम शिथिल केले. किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयात १० वर्षे काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. सहायक प्राध्यापकपदासाठी दोन वर्षांचा अनुभव पुरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हर्निया, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रिया करून सरावलेला हात दुर्लक्षिण्याजोगा नाही, हे खरेच. मात्र सुरी चालविणे आणि ती दुसऱ्याच्या हाती देणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसऱ्या कौशल्याचा साक्षीदार एकच, शेजारी उभा असलेला प्रशिक्षणार्थी डॉक्टर.

अमेरिकेत निवासी डॉक्टरांनी अध्यापकांचे लेखी, निनावी मूल्यमापन करणे प्रशिक्षणाच्या मान्यतेशी जोडलेले आहे. नेदरलँड्समध्ये अध्यापक स्वतःलाही गुण देतो आणि ते प्रशिक्षणार्थींच्या गुणांशी ताडून पाहतो. तेथे शिकण्याचे वातावरण, उद्दिष्टांची स्पष्टता, चुका सांगण्याची रीत अशा बाबी स्वतंत्रपणे तपासल्या जातात.

आपल्याकडेही अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले जातात. मुद्दा आहे तो अर्ज कोणाच्या हाती जातो याचा. अंतर्गत गुण देणारे, नोंदवहीवर सही करणारे आणि प्रात्यक्षिक परीक्षेला बसणारे अध्यापक तेच असतील, तर प्रत्येक रकान्यात ‘उत्कृष्ट’ लिहिण्यातच विद्यार्थ्याचे शहाणपण! मोठ्या महानगरी विभागात निनावीपण गर्दीत टिकते. लहान विभागात मोजकेच प्रशिक्षणार्थी असतात. तेथे तक्रारीचा एक तपशील वाचताच ती कोणाची, हे उमगते.

यावर उपाय अवघड नाही. अर्ज महाविद्यालयाने नव्हे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने घ्यावेत. तेही निकालानंतर आणि दोन-तीन तुकड्यांचे एकत्र करून. प्रश्नही नेमके हवेत. ‘सर कसे आहेत?’ असे विचारले, तर लोकप्रियता मोजली जाईल आणि कडक शिस्तीचा चांगला शिक्षक मागे पडेल. शस्त्रक्रियेआधी योजना समजावली का, टाका घालू दिला का, चूक एकांतात सांगितली की रुग्णासमोर, हे विचारायला हवे. मिळालेले निष्कर्ष शिक्षेसाठी नव्हे, तर अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले, तर त्यांचाही विरोध मावळेल.

सेनगाव, औंढ्याच्या रुग्णाला या मूल्यमापनाची कल्पनाही नसेल. परंतु उद्या त्याच्या पोटावर सुरी धरणारा हात कसा घडला, याचे उत्तर याच अर्जांत दडलेले असेल. ते निर्भयपणे लिहिता आले पाहिजे.