‘नाही’ म्हणताय ना? मग लिहून द्या!

आमच्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसं दोन. सरकारच्या हिशेबात मात्र एकच, म्हणजे मी. आमची ही अजून सदुसष्टचीच आहे म्हणे!

त्याचं असं झालं. २०१२ साली गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात आधारचं शिबिर भरलं होतं. मशीनवाल्या पोराने हिला वय विचारलं. ही म्हणाली, "असेल की पन्नास-पंचावन." त्याने १९५८ ठोकलं आणि तारीख टाकली १ जानेवारी. आम्ही दोघंही हसलो आणि घरी आलो. आमचं लग्न १९७१ चं, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं. आधारवर विश्वास ठेवायचा तर लग्नात ही तेरा वर्षांची होती आणि मला तुरुंगात टाकायला हवं होतं. हिच्या पाठचा भाऊ शाळेत गेला, त्याच्या दाखल्यावर १ जून १९५४ आहे. म्हणजे पाठचा भाऊ बहिणीपेक्षा चार वर्षांनी थोरला!

(१ जूनवर मी फार बोलू नये हे खरं. मास्तर म्हणून नोकरी केली, तेव्हा जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी पोरांना मीच १ जूनला जन्माला घातलंय. माझी स्वतःचीही तीच, १ जून १९४९. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहा वर्षांचं बसवायचं, झाली तारीख. तेव्हा कोणाला ठाऊक होतं की त्या तारखेवर एक दिवस हृदयाचं ऑपरेशन अडेल?)

मार्च २०२५ मध्ये हिच्या छातीत दुखायला लागलं. नळदुर्गहून सोलापूर जवळ, म्हणून धाराशिवऐवजी तिकडेच गेलो. अँजिओग्राफी झाली, दोन ठिकाणी अडथळा. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत अँजिओप्लास्टी करून टाका, योजनेत बसतं, खाली आरोग्यमित्राला भेटा.

खाली गेलो. काउंटरवर माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा. बोलायला चांगला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड दिलं. त्यावर हिचं नाव ‘सरू’ आणि आधारवर ‘सरस्वती’. "काका, नावं जुळत नाहीत, सिस्टीम घेत नाही. पण सत्तरच्या वर असतील तर वयोवंदना कार्ड काढा ना, त्याला रेशनकार्ड लागतच नाही." आधार पाहिलं. "सदुसष्टच आहेत की!" म्हणजे एका योजनेसाठी ही सरस्वती नाही आणि दुसरीसाठी म्हातारी नाही. समोर बाकावर छाती धरून बसलेली बाई नक्की कोण, ते कोणी विचारेना.

वयोवंदनाची गंमत बघा. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने आयुष्मान भारतमध्ये सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना घेतलं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, कागद फक्त आधार. वयही आधारवरचंच धरणार. मी लगेच काढलं, पाच मिनिटांत. उत्तम योजना, यात थट्टा नाही. पण त्याच्या बरोबर पाच दिवस आधी, २४ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात (समोर विमा कंपनीच होती) सांगितलं होतं की वय ठरवायला आधार हा योग्य पुरावा नाही, शाळेचा दाखला त्यापेक्षा ग्राह्य. आधार देणाऱ्या प्राधिकरणानेही २०२३ च्या परिपत्रकात तेच म्हटलंय, हे कार्ड ओळखीचं, जन्मतारखेचं नव्हे. म्हणजे कार्ड देणारा म्हणतो यावरून वय ठरवू नका, कोर्ट म्हणतं ठरवू नका, आणि म्हातारपणाच्या योजनेत मात्र त्यावरूनच ठरणार. बरं, दुरुस्त करायला जावं तर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते आणि त्याला कागद लागतो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने तो आणायचा कुठून?

असो. चुका होतात, मीही केल्या. माझं भांडण चुकीशी नाहीच.

मी त्या मुलाला म्हणालो, "बाळ, ठीक आहे. बसत नाही एवढंच मला या कागदावर लिहून दे. कारण लिही, तारीख टाक, सही कर." तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी त्याची किडनी मागितली. "असं लिहून देत नाहीत काका." का? "अर्ज सिस्टीममध्ये घेतलाच नाही ना. घेतला असता तर रिजेक्ट दिसला असता."

हे वाक्य मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरतोय. अर्ज घेतला नाही म्हणून नाकारला नाही. नाकारला नाही म्हणून कारण नाही. कारण नाही म्हणून तक्रार कशावर करणार? योजनेच्या हिशेबात आमची ही कुठेच नाही. ना मंजूर, ना नामंजूर. उद्या कोणी सभागृहात विचारलं की किती वृद्धांना परत पाठवलं, तर उत्तरातल्या आकड्यात ती नसेल, आणि उत्तर देणारा खोटंही बोलत नसेल.

आता खाजगी विम्याकडे बघा. एरवी त्यांची बाजू घ्यायची माझी मुळीच इच्छा नाही. पण विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं की कॅशलेसच्या मागणीवर एका तासात निर्णय द्या, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत मंजुरी द्या, आणि दावा फेटाळला किंवा कापला तर पॉलिसीतल्या कोणत्या अटीवर ते ग्राहकाला कळवा. तो कागद घेऊन माणूस आधी कंपनीकडे आणि मग विमा लोकपालाकडे जाऊ शकतो, तेही फुकट. कंपन्या हे सगळं पाळतात असं मी म्हणत नाही. निदान पाळत नाहीत असं म्हणायला हातात नियम तरी आहे! हप्ता भरणाऱ्याला नकाराचं कारण मिळायचा हक्क, आणि रेशनकार्डवाल्याला "काका, सिस्टीम घेत नाही"?

माझी मागणी एवढीच आहे. योजनेच्या प्रत्येक काउंटरवर एक नकारपुस्तक ठेवा, पावतीपुस्तकासारखं, कार्बन घालून. रुग्णाचं नाव, काय दाखवलं, काय अडलं, कोणी सांगितलं, तारीख, वेळ. एक प्रत आम्हाला, एक जिल्ह्याला. याला ना ॲप लागतं ना सर्व्हर. मी शाळेत पस्तीस वर्षं हजेरीपट ठेवला. गैरहजर पोराचं नावसुद्धा त्यात असतं, तेव्हाच तर कळतं तो आला नाही ते.

पुतण्या म्हणाला, "काका, कागद दिला तर लोक भांडतील, काउंटरवरच्या पोरावर ताण येईल." ताण आत्ताही त्याच्यावरच आहे. कंत्राटी पोरगं दिवसभर नियमाच्या वतीने नाही म्हणत बसतं आणि शिव्या स्वतःच्या नावावर घेतं. कारण छापील असलं तर राग नियमावर जाईल. आणि भांडतील तर भांडू देत की. योजना आपलीच आहे ना?

दुसरं एक माझ्या मनाला फार लागलं. त्या दोन तासांत मला चार जणांनी विचारलं, "सोबत कोणी तरुण नाही का?" ओटीपी नातवाच्या मोबाईलवर, नातू पुण्यात. हिचं बोट मशीनला उमटत नाही, जन्मभर भांडी घासून, खुरपून बोटांवरच्या रेषा गेल्यात. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं पुण्या-मुंबईला आहेत, हे कोणाला माहीत नाही? म्हाताऱ्यांसाठीची योजना म्हाताऱ्याला एकट्याने वापरता येत नसेल, तर ती सोबत आलेल्या तरुणासाठी आहे असंच म्हणायला हवं.

शेवटी मुदतठेव मोडली. एक लाख चाळीस हजार भरले, दोन स्टेंट बसले. हिची तब्येत आता बरी आहे, काळजी करू नये. भिवंडीच्या वहिनींनी फोन करून रडू नये.

मी गप्प बसलेलो नाही. १५५३८८ वर तक्रार नोंदवली. कारण काय म्हणून विचारलं तेव्हा म्हणालो, "तोंडी नकार." पलीकडच्या बाई म्हणाल्या, यादीत असा प्रकार नाही, ‘इतर’मध्ये टाकू का? टाका म्हटलं. रेशनकार्डावरच्या नावाचा अर्ज तहसीलला दिला, त्याची मात्र शिक्का मारलेली पोच आहे. मेहुण्याचा दाखला लॅमिनेट करून आणलाय. त्याच्या आधारे बहिणीचं वय वाढतं का, ते बघायला पुढच्या सोमवारी दोघं आधार केंद्रावर जाणार आहोत. कोरा कागद आणि पेन यावेळी मीच घेऊन जाईन.

ही म्हणते, "एवढ्या खटपटीपेक्षा तीन वर्षं थांबा की, होईनच सत्तरची."