सोय कोणाची, पोट कोणाचं?

लातूर किंवा नांदेडात शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलांच्या खाण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: काय करणार, वेळच नसतो. भल्या सकाळी पहिली बॅच, मग कॉलेज, संध्याकाळी टेस्ट, रात्री अभ्यासिका. मध्येच भूक लागली की हाताशी असतं ते दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट, झटपट नूडल्स, क्रीमची बिस्किटं आणि जागरणासाठी एनर्जी ड्रिंक. पालकही समजूत घालून घेतात. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, एकदा प्रवेश मिळाला की घरी येऊन खाईल पोटभर. शिवाय सकस खाणं महाग, करायला वेळखाऊ आणि मुलांना आवडतही नाही.

हा युक्तिवाद मला मुळातूनच अमान्य आहे. तो करणारे लोक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. लातूर पॅटर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिकवणीच्या वेळापत्रकात पिचलेली मुलं मीही पाहतो आणि त्यांचा थकवा खरा आहे. पण त्या थकव्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत सोळा-सतरा वर्षांची पोरं आपल्या शरीराने मोजत आहेत.

पहिला मुद्दा वेळेचा. झटपट खाणं म्हणजे कारखान्यातलं पाकीट, असं आपण धरून चाललो आहोत. मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला हे गृहीतक लागूच पडत नाही. इथल्या घराघरांत येसर असतं. धान्य, डाळी आणि मसाला खमंग भाजून, दळून डब्यात भरून ठेवायचं. फोडणीत पाणी उकळलं की त्यात दोन चमचे येसर कालवून घालायचं, चार उकळ्या आल्या की आमटी तयार. ती व्हायला नूडल्सपेक्षा फार वेळ लागत नाही. शेंगदाण्याची चटणी महिनाभर टिकते. धपाटे प्रवासात दोन-तीन दिवस राहतात, दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्याही टिकतात. फुटाणे, लाह्या, गूळ-शेंगदाणे यांना तर चूलही लागत नाही. शेजारच्या सोलापुरात ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी वाळवून विकतात. ती कित्येक आठवडे टिकते, आमटीत कुस्करली की जेवण होतं. उन्हातान्हात रानात राबणाऱ्या, बैलगाडीने आणि पायी लांबच्या जत्रा करणाऱ्या लोकांनी हे पदार्थ सोयीसाठीच घडवले. तेव्हा घरचं खाणं वेळखाऊ, हे विधान निदान या मुलखात तरी टिकत नाही.

मग पाकीटच का जिंकतं? कारण ते वाटेवर आहे. लातूरच्या उद्योग भवनाच्या परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगरच्या गल्ल्यांत क्लासचा जिना उतरलं की पहिल्याच टपरीवर वेफर्सच्या रंगीत माळा लटकलेल्या दिसतात. त्या तिथवर पोचाव्यात म्हणून कंपनीची गाडी येते, दुकानदाराला फ्रीज मिळतो, कमिशन मिळतं, फलक मिळतो. ही सोय कोणीतरी पैसे ओतून उभी केली आहे. येसर आणि शेंगाच्या चटणीसाठी अशी गाडी कोणी सोडली नाही, एवढाच फरक.

मनावर घेतलं की सोय उभी राहते, याचे दाखले आपल्याच गावांत आहेत. गावाकडून एसटीने येणारे डबे लातूरकरांनी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. पहाटे थापलेल्या भाकरी, कोरडी भाजी, झाकणात ठेचा. फडक्यात बांधलेला, नावाची चिठ्ठी लावलेला डबा कंडक्टरच्या हवाली व्हायचा आणि मुलं स्टँडवर येऊन उतरवून घ्यायची. कसलाही गाजावाजा नसलेली ही व्यवस्था केवळ विश्वासावर चालली आणि तिच्यावर कित्येक डॉक्टर-इंजिनिअर घडले. नांदेडात तर याहून मोठा दाखला आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये रोज हजारो माणसं डाळ, रोटी आणि भात जेवून उठतात. पंगत बसते, ताट येतं, वाढप होतं आणि पंगत उठते. जात विचारली जात नाही, पैसा मागितला जात नाही. ताजं अन्न मोठ्या संख्येला वेळेवर देता येत नाही, असं म्हणणाऱ्या मेसचालकाने तिथे एकदा पंगतीला बसून यावं.

दुसरा मुद्दा पैशाचा. सकस खाणं श्रीमंतांचे चोचले आहेत, हा समज दुकानातल्या बदाम-क्विनोआने पसरवला. आपला हिशेब आपल्या बाजारपेठेत करू. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटात जेमतेम पंचवीस ग्रॅमच्या आसपास माल असतो. म्हणजे बटाटा-तेल-मिठाचा भाव किलोला चारशे रुपये पडला, आणि त्यातून मिळालेली प्रथिनं दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. शेंगदाणे किलोला दीडशे रुपये धरले तर त्याच दहा रुपयांत साठ-पासष्ट ग्रॅम येतात आणि प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या आसपास मिळतात. ज्वारी चाळीस-पन्नास रुपये किलो, आणि किलोभर पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात. अर्धापूरच्या मळ्यांतली केळी नांदेडच्या गाड्यावर दहा रुपयांना दोन मिळतात. यात चोचले कुठे आहेत?

लातूरचा बाजार म्हणजे तुरीचा आणि सोयाबीनचा बाजार. जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमटीला लागणारं सगळं साहित्य एकाच जिल्ह्यात मानांकनासह पिकतं. आणि त्याच जिल्ह्यातल्या मेसमध्ये मुलांच्या वाटीत डाळ शोधावी लागते.

तिसरा मुद्दा आवडीचा. ‘मुलांना तेच आवडतं’ असं म्हणताना आपण आवड ही मुलाच्या स्वभावातून आली असं समजतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं ताजं अन्न. दोन्ही ताटांत साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखेच वाढलेले, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन जवळजवळ किलोभर वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. खाणारी माणसं तीच होती, बदललं होतं फक्त अन्न. अतिप्रक्रिया केलेलं अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच संपतं. पोराच्या जिभेला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

आता ते ‘दोनच वर्षं’. मला सगळ्यात जास्त चीड येते ती या वाक्याची. सोळा ते अठरा ही हाडं भरण्याची, रक्त वाढण्याची वर्षं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या ५९ मुली रक्तक्षयी आढळल्या. खोलीवर राहून चहा-बिस्किटावर सकाळ काढणारी आणि रात्री नूडल्सवर झोपणारी मुलगी याच वयोगटातली आहे. वर्गात डोकं जड होतं, धाप लागते, लक्ष लागत नाही; आई फोनवर विचारते, अभ्यास होतोय ना? तिच्या रक्तात लोह कमी आहे हे कोणी पाहत नाही. नूडल्सची वडी कारखान्यात तेलात तळून वाळवलेली असते आणि मसाल्यासकट एका पाकिटात दिवसभराला पुरेशा मिठाचा साधारण तिसरा हिस्सा येतो. अडीचशे मिली थंड पेयात सहा चमचे साखर जाते. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर मुलांसाठी शिफारस नाही असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि तो डबा सर्रास अकरावीच्या मुलाच्या हातात असतो. नीट परीक्षेत मधुमेहाची कारणं अचूक ओळखणाऱ्या मुलांना आपण त्याच मधुमेहाच्या वाटेला लावतो आहोत. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधल्या पाहणीचा आकडा. याच संस्थेने २०२४ मध्ये, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेमार्फत काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहारामुळे आहे असं म्हटलं आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला जुने दिवस परत हवेत. नाही. जुन्या दिवसांबद्दल हळवं होणाऱ्यांचंही खंडन करायला हवं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर लेकरं जगवली. बऱ्या वर्षांतही गरिबाच्या ताटात कोरडी भाकरी, मिरची आणि मीठ एवढंच असे. त्याला सकस म्हणणं ही त्या लोकांच्या भुकेची थट्टा आहे. भाकरीसोबत डाळ हवी, पालेभाजी हवी, ताक हवं. हे सगळं एकत्र कसं येतं ते वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला बघावं. लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागांत येळवशीला अख्खं गाव रानात जातं. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग भज्जी वाढतात: तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, भुईमूग, रानातल्या पालेभाज्या आणि भाजीपाला, सगळं चिंच आणि बेसन लावून मोठ्या भांड्यात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकर आणि माठातलं थंडगार आंबील. एका ताटात धान्य, कडधान्य, पाला आणि ताक. आहारतज्ज्ञ तक्त्यात जे काढून दाखवतात ते इथले शेतकरी वर्षातून एक दिवस पंगतीला वाढतात. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

दुसरी फसगत ‘मिलेट’च्या नावाची. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि दुकानं ज्वारी-नाचणीच्या बिस्किटांनी भरली. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचावी. वजनाने जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. मैदा, साखर आणि पामतेल यांच्यानंतर ज्वारीचं नाव येत असेल तर ते बिस्कीट मैद्याचंच. ज्वारीच खायची असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये आणलेला, जास्त लोह आणि जस्त असलेला परभणी शक्ती हा वाण आपल्याच विभागात आहे. शेतकऱ्याने तो सोयाबीनच्या कडेला दोन तासं तरी लावावा आणि शहराने तो मागावा.

एक आक्षेप मात्र मी मान तुकवून स्वीकारतो: भाकरी थापायची कोणी? आजवर याचं उत्तर ‘आईने’ असंच होतं. उकळतं पाणी पिठात ओतायचं, हाताला चटके सोसत तळहाताने रेटून मळायचं, परातीत फिरवत थापायचं, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचं आणि जाळावर फुगवायचं. पीठ जुनं असेल तर विरी जाते आणि कडा चिरतात. वीस भाकरी म्हणजे वीस वेळा हे सगळं. सकस अन्नाच्या नावाखाली हे ओझं पुन्हा एकट्या बाईच्या मनगटावर टाकायचं असेल तर माझाही त्याला विरोध आहे. भाकरीला मोल द्यावं. बचत गटाच्या बायका भाकरी थापून विकतात, त्यांना शिकवणीच्या गल्लीत हक्काची जागा मिळावी. आणि आठवडाभर स्वतः शिजवून खाणाऱ्या पोरांनीही भाकरी शिकून घ्यावी. ज्याला सेंद्रिय रसायनशास्त्र येतं त्याला थापणंही येईल.

बाकी मागणं सरकारकडे आहे. शाळेच्या उपाहारगृहांत जंक फूड नको, असा शासन निर्णय राज्याने २०१७ मध्ये काढला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ मुलांना विकायला मनाई केली. शिकवणीच्या गल्ल्यांत मात्र दहावी-बारावीची हजारो मुलं दिवस काढतात आणि हा नियम तिथे कुठे दिसत नाही. दोन्ही महानगरपालिकांनी तो तिथवर न्यावा, आणि ज्या टपऱ्यांवर आज फक्त पाकिटं लटकतात तिथे केळी, उकडलेल्या शेंगा, ताक, मुरमुऱ्यांचा सुशीला आणि गरम भाकरी-आमटी विकणाऱ्यांना परवाने द्यावेत.

आणि पालकांना एक विनंती. येत्या जूनमध्ये लेकराला लातूरला किंवा नांदेडला ठेवायला जाल तेव्हा क्लासच्या फीची पावती फाडण्याआधी मेसच्या स्वयंपाकघरात जा. डाळ किती शिजते, भाकरी आठवड्यातून किती दिवस असते आणि पालेभाजी कधी असते, हे तिथे उभं राहून विचारा. पटलं नाही तर दुसरी मेस बघा.