बत्तीस बोअरची मर्दुमकी

हरणाला कुठल्या बोअरचं पिस्तूल लागतं, असा प्रश्न कोल्हापुरात विचारला जातो आणि विचारणाऱ्याला कुणी हसत नाही. मला आधी हेच खटकतं. मळ्यावरची जेवणावळ असो नाहीतर लग्नाचा मांडव, कमरेला चामडी पाकीट लावलेला एखादा तरणा संचालक विषय काढतो आणि भोवतालचे चौघे गंभीर चेहऱ्यानं बत्तीस, पंचेचाळीस, मॅग्नम असे आकडे फेकायला लागतात. त्यांतल्या बहुतेकांनी रानातलं भेकर कधी पाहिलेलं नसतं. पाहिलेला असतो तो मोबाइलमधला अमेरिकन: डोक्यावर टोपी, हातात हातभर लांब रिव्हॉल्व्हर, पायाशी शिंगं. मी आपलं उत्तर देतो, कुठलंच नाही. त्यावर ठरलेलं वाक्य येतं, "तुमास्नी शिकारीतलं काय कळतंय ओ?"

कळण्यापुरतं सांगतो.

आपल्याकडे साध्या नागरिकाला छोट्या हत्याराचा परवाना मिळाला, तर त्यावर बहुधा येतं ते बत्तीस बोअर. नऊ एमएम प्रतिबंधित बोअरात मोडतं, ते पोलिसांचं आणि लष्कराचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेही बत्तीसच. या जातीची नळी जेमतेम तीन इंच. तिच्यातून सुटणाऱ्या गोळीची ऊर्जा दीडशे-पावणेदोनशे जूलच्या आसपास. अंगावर आलेल्या माणसाला चार-पाच पावलांवर थोपवायला केलेलं हे हत्यार आहे. ज्या अमेरिकनाची नक्कल चालली आहे, त्याच्या हातात असतं चव्वेचाळीस मॅग्नम. हे काडतूस १९५५च्या सुमारास बाजारात आलं आणि त्याची गोळी हजार जूलच्या वर जाते, म्हणजे आपल्या बत्तीसच्या किमान पाच-सहा पट. तरीही तिकडचे जाणते लोक लांबून गोळी टाकत नाहीत, हात टेकवायला आधार शोधतात आणि वर्षभर कागदावर सराव करतात. तिथल्या अनेक राज्यांनी हरणावर पिस्तूल चालवायचं तर काडतुसाचा किमान बोअर किंवा किमान ऊर्जा कायद्यानंच ठरवून दिली आहे. म्हणजे जिथं ही हौस कायदेशीर आहे, तिथंही आमच्या संचालकाचं रिव्हॉल्व्हर दारातूनच परत पाठवतील.

बोअरच्या गप्पांत एक गोष्ट कुणी काढत नाही. हरणाचं काळीज आणि फुप्फुस मिळून जागा असते साधारण वितीएवढी, भेकराची त्याहून लहान. बाकी सगळं अंग म्हणजे पोट, मांड्या, पाय, जबडा. बत्तीसची गोळी तिथं बसली तर सांबर पडत नाही, पळतं. दोन-अडीचशे किलोचा नर पोटात गोळी घेऊन कारवीत शिरतो आणि मरायला त्याला रात्र लागते, कधी त्याहून जास्त. जबडा फुटलेलं जनावर तर चरता न आल्यानं उपाशी मरतं. जुन्या शिकाऱ्यांत एक दंडक होता: जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही. रक्ताचा माग काढत जायचं, रात्र झाली तर पहाटे पुन्हा जायचं. आमच्या हौशी वीरांना जीपच्या दिव्यांच्या उजेडापलीकडं पाऊल टाकायला भीती वाटते. ते माग काढणार!

नेमबाजी म्हणजे काय, हे या शहराला तरी कुणी शिकवायला नको. दुधाळीच्या रेंजवर तेजस्विनी सावंत घडली. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ती जगज्जेती झाली. राही सरनोबत पंचवीस मीटर पिस्तुलाची, २०१८च्या आशियाई खेळांत सुवर्ण. पंचवीस मीटरच्या त्या प्रकारात संथ फेरीच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं असतं. कागद जागचा हलत नाही, उजेड असतो, पायाखाली सपाट फरशी असते, पिस्तूल मुठीला बेतून घेतलेलं असतं. तरीसुद्धा त्या पाच सेंटिमीटरांसाठी माणसाची उमेदीची वर्षं जातात. आणि इथं दिवाळीला हवेत दोन बार काढण्यापलीकडं हत्याराला हात न लावलेला माणूस म्हणतो, अंधारात, चालत्या गाडीतून, पळत्या जनावराला मी टिपतो. (ते हवेतले बारसुद्धा २०१९च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहेत, पण ते असो.)

मग येतो राजेपणाचा दाखला. "शिकार ही कोल्हापूरची परंपरा हाय." आहे ना. शाहू महाराज घोड्यावरून भाल्यानं रानडुकराच्या अंगावर जात. डुक्कर उलटलं तर घोडा आणि स्वार दोघंही गेले, असा तो मामला होता. संस्थानात शिकवलेले चित्ते होते, ते माळावर काळविटावर सोडले जात. इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. या परंपरेत कमरेचं बत्तीस बोअर कुठं बसतं, ते मला कुणीतरी दाखवावं. त्या परंपरेचं मी कौतुक करतोय असंही समजू नये. राजाच्या शिकारीला रान हाकणारे गावकरी होते, जनावर आधी त्यांच्या अंगावर यायचं. शेवटी चित्ता देशातूनच संपला, १९५२ साली तसं जाहीर झालं. काळविटांनी फुललेले माळही उरले नाहीत. उरलं ते दाजीपूरचं जंगल. तेही राजाची राखीव शिकारगाह म्हणून कुऱ्हाडीपासून वाचलं आणि १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. आज तेच राधानगरी अभयारण्य म्हणून साडेतीनशे चौरस किलोमीटरचं आहे. परंपरेचं नाव घ्यायचं असेल तर शिकारीवरून अभयारण्याकडं गेलेलं पाऊलही त्याच परंपरेतलं आहे. ते नेमकं कुणाला आठवत नाही.

याच शाहू महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केलं, कामं दिली, १९१८ साली त्यांची रोजची हजेरी बंद केली. ब्रिटिशांनी १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याचा रस्ता खुला केला, त्यांत हे लोक होते. हरणाचा माग, वारा, पाणवठा यांचं ज्ञान या मुलखात कुणाला असेल तर त्यांना. आज पारध्याच्या पालात नुसती फासकी सापडली तरी त्याला लाठ्या पडतात आणि फोटो पेपरात येतो. परवान्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन जीपमधून रानात शिरणाऱ्याला आपण 'शौकीन' म्हणतो. पोटासाठी मारणारा गुन्हेगार आणि हौसेसाठी मारणारा शौकीन! शाहूंच्या गावात तरी हा हिशेब चालू नये.

कायद्याकडं येतो, कारण ज्याला भूतदयेनं फरक पडत नाही त्याला परवाना जाण्यानं पडतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. त्यात मारणं तर आहेच, पकडणं, फासा लावणं, हाकणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हेही शिकारच. अभयारण्यात केलीत तर तीन ते सात वर्षं. गाडी आणि हत्यार जप्त. शिवाय ज्या हत्यारानं गुन्हा केला त्याचा परवाना न्यायालय रद्द करू शकतं आणि शिक्षा झाल्यापासून पाच वर्षं नवा मिळणार नाही, असा आदेश देऊ शकतं. स्वसंरक्षणासाठी दिलेला परवाना जनावरावर चालवायचा नसतो, हे तर परवाना घेतानाच कळायला हवं. पैसा आणि नाव असलं की सुटतो, असं कुणाला वाटत असेल तर काळविटाच्या खटल्यात सलमान खानला १९९८च्या गुन्ह्यासाठी २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली, हे आठवावं. तो जामिनावर बाहेर आला हे खरं. पण वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची तुमची तयारी आहे का?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो मळ्यावरच्या पार्टीतून येत नाही. भुदरगड, शाहूवाडी, गगनबावड्याचा शेतकरी विचारतो, गवा ऊस तुडवतोय, डुक्कर भुईमूग उकरतंय, आम्ही काय करायचं? त्याचा राग खरा आहे. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी म्हणून त्याच्या बाजूनं भांडायला पाहिजे. पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबत कायद्यात कलम ११ची वाट आहे, रानडुकराच्या बाबतीत राज्यानं ती वापरलीही आहे. पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा परवानाही वेगळा असतो. यात कुठंही कमरेचं रिव्हॉल्व्हर नाही. आणि भेकरानं कुणाचा ऊस बुडवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. शेतकऱ्याच्या दुःखाआड लपून आपली चैन भागवणाऱ्यांची मला जास्त चीड येते. हे लोक कधी पंचनाम्याला तलाठ्यापुढं उभे राहिलेले दिसत नाहीत.

मटणच हवं असेल तर तांबड्या रश्श्याला बोकड पुरतो. नेम दाखवायचा असेल तर दुधाळीला जा, नाव नोंदवा, पॉइंट बावीसनं कागदावर गोळ्या मारा आणि गुण चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवा. स्वप्नील कुसाळे याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ साली त्यानं पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणलं, एकाही जिवाला ओरखडा न काढता.

आणि वाचकांना एक विनंती. यापुढं कुणी तुमच्यासमोर हरणासाठी बोअर विचारला, तर आकडे सांगत बसू नका, तोंडावर हसा. त्याची गाडी रात्री दाजीपूरच्या रस्त्याला लागलेली दिसली, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा. त्याला पैसे पडत नाहीत.