चार तारांची वकिली

‘भंगारात द्या’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरात एकही म्हातारं माणूस नसावं, असा माझा पक्का संशय होता. गेल्या दिवाळीत तोही खोटा ठरला. काटोलला मामाच्या घरचा माळा आवरताना त्याची बास गिटार निघाली आणि मामीच्या देखतच मामाचा मुलगा म्हणाला, “भंगारात द्या.”

नातू धावत आला. “काका, ही व्हिंटेज आहे! हात लावू नका. धुळीसकट विकू.”

एकाला ती अडगळ वाटते, दुसऱ्याला फिक्स डिपॉझिट. ती वाजवायची वस्तू आहे, हे दोघांच्याही गावी नाही. माझं भांडण दोघांशीही आहे.

आधीच कबूल करतो, ही गिटार काही थोर घराण्यातली नव्हे. 1983 साली संत्र्याच्या आंबिया बहाराच्या पैशांतून मामाने घेतलेली, दुकानातली सर्वांत स्वस्त. अंग प्लायवूडचं. गावच्या ऑर्केस्ट्रात मामा ड्रमच्या आडोशाला उभा असे. टाळ्या गाणाऱ्याला, वन्स मोअर ॲकॉर्डियनवाल्याला आणि मामाला प्रश्न, “काहून जी, दोन तारा तुटल्या का तुमच्या?” बासला चारच तारा असतात, हे सांगून सांगून बिचारा थकला. पण एका गणपतीत तो तापाने घरी राहिला, तेव्हा सगळी गाणी एक पाय मोडलेल्या बाजेसारखी कलली. काय कमी आहे ते मात्र कोणालाच सांगता येईना!

मी गिटार नागपूरला नेली. तिथल्या दुकानदाराने तिला हातसुद्धा लावला नाही. “एवढ्या खर्चात नवी येते,” म्हणाला.

आता थोडा इतिहास ऐका. तोवर बास म्हणजे माणसाएवढं उभं लाकडी धूड. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बास’ आणली आणि ते धूड गळ्यात अडकवण्याजोगं झालं. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा; त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. म्हणजे या वाद्याचं कूळच रेडिओच्या दुकानातलं! मग मी ती काटोलच्या रेडिओवाल्याकडे नेली, यात हसण्यासारखं काय आहे? रेडिओ गेले, तो आता मिक्सर दुरुस्त करतो. पण हात तोच.

त्याने पिकअपला मीटर लावला. काटा सात हजार ओहमच्या आसपास हलला. “जित्ती हाये,” तो म्हणाला. आतली बारीक तार तुटली असती, तर काटा हललाच नसता. खरखर होती ती आवाजाच्या बटणातल्या धुळीची. जॅकचं डाखणही सुटलं होतं. अर्ध्या तासाचं काम.

मग नव्या तारा. मान वाकली होती. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तारा एका बाजूला ओढतात, सळई दुसऱ्या बाजूला. संसारच म्हणा ना! तिचा नट एका वेळी पावच फेरा फिरवायचा आणि रात्रभर थांबायचं. घाई केली की मोडतं, संसारातही हेच. शेवटी बाराव्या पट्टीवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येईपर्यंत घोडीचे तुकडे मागे-पुढे सरकवले. सगळं मिळून नव्या गिटारच्या पाव किमतीतही खर्च गेला नाही. दुकानदाराने हिशेब तपासावा.

सुतार म्हणाला, “रंग मारून देतो, नवी दिसेल.” मी हात जोडले. पिकअपच्या वर एक जागा आहे, तिथे मामाचा अंगठा टेकायचा. रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं आहे. वाजण्याच्या आड येतं तेवढं काढावं, याला दुरुस्ती म्हणतात. माणसाची खूणच पुसली, तर तिला दुरुस्ती कोण म्हणेल?

सर्वांत जाड तार छेडली. सेकंदाला सुमारे 41 कंपनं. मांडणीतले पेले किणकिणले. मामी स्वयंपाकघरातून ओरडली, “हळू! भांडी पडतील ना!”

मग जरा थांबून म्हणाली, “त्यांनाही हेच सांगत होती मी.”

नातू आता विकायचं नाव काढत नाही. तो अंगठा ठेवायची जागा शोधतो आहे.