हायड्रा आणि तिच्यापुढे चालणारा पोरगा

सातारा काय किंवा कुपवाड काय, एमआयडीसीत क्रेन म्हटलं की डोळ्यासमोर येते ती हायड्रा. नाव एस्कॉर्ट्सचं, पण आता तसल्या कुठल्याही क्रेनला चिकटलंय, डालडासारखं. माल पुढे लटकवायचा आणि तसंच चालायला लागायचं, हा तिचा गुण आणि तोच दोष. लटकलेल्या मालामुळे ड्रायव्हरला समोरचं धड दिसत नाही. माल हेलकावू नये म्हणून मग एक पोरगा त्याला हात लावून पुढे चालतो. बहुतेक वेळा कंत्राटी, पायात चपला.

त्याला असं गृहीत धरतात याचाच मला राग येतो. मालाला दोर बांधून तो लांबून धरला तरी काम भागतं. दोराला असे कितीसे पैसे लागतात हो?

बरं, आपल्याकडे यंत्रं काल आली असंही नाही. किर्लोस्करवाडी १९१० ची. १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं की उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि रुळांवरच्या क्रेनच्या वाटेत माणूस असेल तर तिला सहा मीटरच्या आत येऊ देऊ नका. हायड्राला रूळच नाहीत!

२०२३ साली शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जण गेले, तेव्हा चार दिवस सगळे बोलले. एकट्या पोराचा पाय चिरडला तर बातमीही येत नाही.

घरातलं कुणी एमआयडीसीत असेल तर आज रात्री जेवताना विचाराच, तुमच्याकडे मालाला दोर बांधतात का?