अर्ज नसलेली नोकरी

पहाटे पाचला तळेगावच्या रस्त्याने फिरायला निघालं, की आमच्या आष्टीत फौजेचं वेड किती खोल गेलं आहे ते कळतं. अंधारात पंधरा-वीस पोरं धावत असतात. हल्ली तीन-चार मुलीही असतात. कुणाचं भरतीचं वय संपत आलेलं, कुणी नुकतंच बारावीचं ओझं उतरवून आलेलं. मास्तरकी सुटून बरीच वर्षं झाली तरी ही मुलं मला वाटेत गाठतात. पूर्वी त्यांचे प्रश्न ठरलेले असत : भरती कधी, छाती किती लागते, धावायचं किती. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा प्रश्न आला आहे. ‘‘सर, मले मिलिटरी इंटेलिजन्समदी जायचं हाये. फॉर्म कुठी भेटते?’’

फॉर्म कुठेच भेटत नाही. भारतीय सैन्यात गुप्तवार्तेची स्वतंत्र कोअर आहे, ‘सदा सतर्क’ हे तिचं ब्रीद, तिची प्रशिक्षण शाळा आपल्याच पुण्यात आहे. पण बारावीच्या मुलाने थेट त्या दारावर जाऊन थाप मारावी अशी सोय नाही. आधी सैनिक व्हायचं. बारावीनंतर एनडीए, पदवीनंतर सीडीएस. दोन्ही परीक्षा लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. त्यानंतर पाच दिवसांची एसएसबीची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, मग प्रबोधिनीतलं प्रशिक्षण. ते संपत आलं की कॅडेट आपली पसंती कळवतो. पसंती, गुणानुक्रम आणि सैन्याची गरज या तिन्हींचा मेळ बसला तर गुप्तवार्तेची कोअर मिळते. नाहीतर तोफखाना किंवा रसद. जवान म्हणून जाणाऱ्याची तर निवड आणखी थोडी. अग्निवीराला कोणत्याही रेजिमेंटमध्ये, कोणत्याही तुकडीत पाठवता येतं.

एवढं सांगितलं की मुलांचे चेहरे उतरतात. कारण त्यांच्या डोक्यात जे असतं ते सिनेमातून आलेलं असतं. त्यातला गुप्तहेर परदेशी विमानतळावर उतरतो, त्याला कुणी विचारत नाही की पोरा, तुझा गणिताचा पेपर कसा गेला होता. दुसरा घोळ नावांचा. ‘रॉ’, ‘आयबी’ आणि ‘एमआय’ ही आमच्या चौकात एकाच माळेची मणी समजली जातात. वास्तविक आयबी गृहखात्याच्या अखत्यारीत, तिची भरती वेगळी. रॉ १९६८ साली परदेशी हेरगिरीसाठी वेगळी काढलेली. आणि लष्करी गुप्तवार्ता म्हणजे सैन्याने सैन्यासाठी ठेवलेले डोळे-कान. समोरच्या डोंगरावर शत्रूच्या किती तोफा आहेत, कालच्या फोटोत नसलेला रस्ता आजच्या फोटोत का दिसतो, पकडलेल्या कागदावर काय लिहिलं आहे, आपल्याच छावणीतून कोण माहिती बाहेर देतो आहे, हे शोधायचं काम. त्यातलं बरंचसं टेबलाशी बसून, मान मोडून करायचं.

मराठी घरात हेर म्हटला की बहिर्जी नाईक. आम्ही मुलांना त्याच्या वेषांतराच्या गोष्टी सांगत आलो. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीआधी तो शहर पाहून आला, असं परंपरा सांगते. पण एक गंमत कुणी फारशी सांगत नाही. या माणसाविषयी खात्रीलायक कागदपत्रं अगदीच थोडी आहेत. शिवकाळातल्या कितीतरी कारकुनांची अक्षरं आपल्याला माहीत आहेत, बहिर्जीविषयी मात्र बहुतेक आख्यायिकाच. मला हे त्याच्या कर्तबगारीचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र वाटतं.

आष्टीला या विषयाशी एक जुनं, अवघड नातं आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आमच्या गावचा जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबार झाला, सहा जण हुतात्मा झाले, पोलीसही मारले गेले. चिमूरबरोबर आष्टीचं नाव देशभर गेलं. मग धरपकड, खटले. त्यामुळे माझ्या लहानपणी ‘सीआयडी’ हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरला जाई. खबऱ्या म्हणजे फितूर, एवढाच अर्थ. ज्या महायुद्धाच्या धामधुमीत आष्टी पेटली, त्याच काळात इंग्रजांनी हिंदुस्थानच्या लष्करातल्या गुप्तवार्ता शाखेची घडी बसवली, आणि स्वातंत्र्यानंतर तीच आपली झाली. त्या गावची पणतवंडं आज त्याच शाखेचा पत्ता विचारतात. याला मी विसंगती म्हणणार नाही. राज्य आपलं झालं की त्याचे डोळेही आपले होतात. एक गोष्ट मात्र मुलांना सांगावी लागते. २०२२ साली अग्निपथ योजनेविरुद्ध देशात जाळपोळ झाली तेव्हा सैन्याने स्पष्ट केलं, की आपण त्यात नव्हतो असं उमेदवाराला लिहून द्यावं लागेल आणि पोलिसांकडून त्याची पडताळणी होईल. ठाण्यावर चालून गेलेल्यांची नावं अभिमानाने घेणाऱ्या गावात, ठाण्याच्या दाखल्याशिवाय आता पाऊल पुढे पडत नाही. काळाचा महिमा. दुसरं काय!

असो. मुद्दा तयारीचा आहे. माझं म्हणणं असं, की या कामाची तयारी होते, नाही असं नाही. पण आपण मुलांकडून जी करून घेतो ती नेमकी उलटी.

जगभरच्या लष्करी गुप्तवार्तेत एक साधी पद्धत रूढ आहे. ती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाकडून आली. कुठलीही बातमी आली की तिला दोन खुणा करायच्या. एक अक्षर, ए ते एफ : बातमी आणणारा माणूस किती भरवशाचा. एक आकडा, १ ते ६ : बातमी स्वतः किती पटण्यासारखी, दुसऱ्या कुणाकडून तिला दुजोरा आहे का. यातली मेख ही, की अक्षर आणि आकडा एकमेकांपासून वेगळे ठेवायचे. अत्यंत विश्वासू माणूसही चुकीची बातमी आणू शकतो. आणि ज्याच्यावर कुत्रंही विश्वास ठेवणार नाही असा इसम एखाद्या दिवशी खरं बोलून जातो. ‘एफ’ आणि ‘६’ या खुणांचा अर्थ तर असा, की माणसाचा किंवा बातमीचा भरवसा सध्या ठरवता येत नाही. ‘ठरवता येत नाही’ असं लिहायची मुभा, किंबहुना सक्ती, असलेली ही पद्धत मला फार आवडते.

आता हीच पद्धत आमच्या पानठेल्यावर लावून पाहा. मोबाइलवर आलेला निरोप कुणी पाठवला? साळ्याने. साळा चांगला माणूस आहे का? आहे. मग बातमी खरी. अक्षर आणि आकडा एकच झाले! शाळेत तरी आम्ही काय वेगळं केलं? ‘मला माहीत नाही’ असं उत्तर देणाऱ्याला आम्ही शून्य दिलं, आणि आत्मविश्वासाने चुकीचं ठोकून देणाऱ्याला प्रयत्नाचे दोन गुण. शंभर ठिकाणी शिकवणीचे फलक आहेत, पण ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’ आणि ‘मला वाटतं’ या तीन वाक्यांतला फरक शिकवणारा एकही नाही.

एसएसबीत हाच फरक मुलांना आडवा येतो. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात. त्यात काय दिसलं, किती माणसं, त्यांचं वय, मनःस्थिती टिपायची आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग ती गटात सांगायची. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या : साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं, तीस मिनिटांत साठ प्रसंग, बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. शिकवणीवाले यासाठी तयार गोष्टी पाठ करून देतात. आमच्या भागातल्या एका मुलाने मला त्याची वही दाखवली होती. प्रत्येक गोष्टीत नायक गावात तलाव खोदतो, गावकरी टाळ्या वाजवतात. चित्रात आजारी बाई असली तरी तलाव! तो मुलगा स्वतः वरच्या वर्धा धरणाच्या काठावर वाढलेला. बुडालेल्या शिवाराच्या कितीतरी खऱ्या गोष्टी त्याने घरी ऐकल्या होत्या, त्यातली एकही वहीत नव्हती. पाठ केलेला तलाव ओळखायला तिथल्या अनुभवी माणसाला फार वेळ लागत नसावा.

पाहणं ही पदवीची गोष्ट नाही, याचा दाखला १९९९ चा आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला बटालिक भागातला ताशी नामग्याल हा मेंढपाळ हरवलेला याक शोधत डोंगरात गेला. दुर्बिणीतून त्याला वर माणसं दिसली, दगड रचताना, बर्फ सारताना. ती आपली माणसं नाहीत हे त्याला कळलं, आणि त्याने खाली येऊन सैन्याला सांगितलं. कारगिलच्या घुसखोरीच्या पहिल्या खबरांपैकी ही एक. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तवार्तेतल्या त्रुटींवर बोट ठेवलं, २००२ साली तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. ताशी नामग्याल डिसेंबर २०२४ मध्ये वारले. त्यांना आपला डोंगर रोज कसा दिसतो हे ठाऊक होतं, म्हणून आज वेगळं काय दिसतं हे कळलं. आमच्याकडे संत्र्याच्या बागेत झाडाची पानं नेहमीपेक्षा किंचित मलूल झाली की म्हाताऱ्याला बांधावरून कळतं. नातवाला कळत नाही, तो मान खाली घालून मोबाइलमध्ये पाहत असतो, आणि त्याला जायचं असतं इंटेलिजन्समध्ये.

आता भाषेविषयी थोडं. एनडीएचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठी माध्यमाच्या मुलाला तिथेच पहिली ठेच लागते. ती ठेच खरी आहे, पण दोन वर्षं नेटाने वाचन केलं तर ती ओलांडता येते, हे मी पाहिलं आहे. त्यापुढचीही एक वाट आहे. गुप्तवार्तेला चिनी, तिबेटी, पश्तू, बर्मी जाणणारी माणसं हवी असतात. संरक्षण मंत्रालयाची परदेशी भाषांची शाळा त्यासाठीच दिल्लीत चालते, आणि प्रादेशिक सेनेने अलीकडे चिनी जाणणारे तज्ज्ञ घेतले. आमच्या जिल्ह्यात, वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात, चिनीसारख्या परदेशी भाषांचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. तळेगावच्या रस्त्यावर धावणाऱ्यांपैकी एकानेही मला त्याविषयी विचारलेलं नाही. सोळाशे मीटरची वेळ मात्र सेकंदापर्यंत पाठ.

मुलींची गोष्ट जरा निराळी, कारण त्या प्रश्न नीट विचारतात. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सैन्यात त्यांच्या कायम सेवेचा मार्ग रुंद झाला. २०२२ साली त्या एनडीएत दाखल झाल्या, २०२५ साली पहिल्या सतरा जणी बाहेरही पडल्या. मुलांसाठी संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, मुलींसाठी तशीच नाशिकला २०२३ मध्ये निघाली. दहावीतल्या मुलीच्या बापाला हे वेळेवर कळायला हवं. बारावीनंतर कळून उपयोग नाही.

आणि दलाल. ‘आत ओळख आहे’ म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक तालुक्यात सापडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये जवानांच्या भरतीचा पेपर फुटल्याचं पुण्यात उघडकीला आलं आणि देशभरातली परीक्षा रद्द झाली. ते उघडकीला आणण्यात पोलिसांबरोबर कोण होतं? लष्करी गुप्तवार्ता. पैसे मोजून आत शिरू पाहणाऱ्याची या खात्याशी पहिली भेट अशी व्हायची.

आईबापांशी एक हिशेब मोकळेपणाने बोलला पाहिजे. अग्निवीर म्हणून गेलेल्या शंभरांपैकी चार वर्षांनी पंचवीसपर्यंतच कायम राहतात. बाकीचे २०२२ च्या घोषणेप्रमाणे पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम घेऊन तेविशी-चोविशीत परत येतात. कापूस-सोयाबीनच्या घरात ही रक्कम मोठी आहे, पण त्यात आयुष्य बसत नाही. म्हणून मी सांगतो, पदवी सोडू नका. भरती झाली नाही तरी इंग्रजी, नकाशा वाचणं आणि एखादी परकी भाषा वाया जात नाही. एकविसाव्या वर्षी नुसती धावण्याची वेळ हातात राहिलेल्या मुलाकडे पाहवत नाही, आणि अशी मुलं आमच्या तालुक्यात कमी नाहीत.

बढाई हा शेवटचा अडथळा. भरतीचा कागद हातात पडला की गावात फ्लेक्स लागतो, गणवेशातला फोटो, तुकडीचं नाव, पोस्टिंगचं गाव, सगळं मोबाइलवर. शत्रूचा माणूस याच फोटोंवरून गोड बोलत ओळख काढतो, हे सैन्य वारंवार बजावतं. परवा एका मुलाची आई हे सगळं ऐकून घेत बसली होती. मुलगा खरोखर या कामात गेला तर तो काय करतो, कुठे असतो, हे तिलाही कधी कळणार नाही, असं मी सांगितलं. तिने पदर सारखा केला.

‘‘मंग लोकायले काय सांगाचं आमी?’’

‘‘फौजेत आहे म्हणायचं.’’

‘‘आन् पुढं कोनी खोदून खोदून इचारलं त?’’

‘‘संत्र्याचा भाव विचारायचा.’’